टोपी काढली?

आमच्या घरच्या अल्बममध्ये कोणी नीट हसतच नाही. सगळ्यांची तोंडं अर्धवट उघडी, कोणीतरी चमच्याने औषध पाजत असल्यासारखी. कारण फोटो काढण्याआधी बाबा विचारायचे, "टोपी?" आणि समोरच्यांनी एका सुरात ओरडायचं, "काढली!" त्या शेवटच्या 'ली'वर ते बटण दाबायचे.

टोपी म्हणजे लेन्सवरचं झाकण. बाबांचा कॅमेरा रेंजफाइंडर. त्यात लेन्समधून बघायचंच नसतं; वरच्या कोपऱ्यात वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. त्यामुळे झाकण तसंच राहिलं तरी बघणाऱ्याला सगळं लख्ख दिसतं आणि फिल्मवर मात्र काळोख. आत्याच्या लग्नाचा अख्खा रोल बाबांनी असाच काढला होता. आत्या अजून टोमणे मारते. तेव्हापासून टोपीवर लक्ष ठेवायचं काम फोटोतल्या माणसांकडे आलं, कारण ती त्यांनाच दिसते.

कॅमेरा माझ्याकडे आला तो बाबांनी सोडला म्हणून. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला. कडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं. मुलुंडच्या आमच्या खिडकीतून त्यांना डोंगराची रेघ कळते, पण पुढ्यात बसलेल्या आईचा चेहरा दिसत नाही. "घे. माझा काही उपयोग नाही आता," म्हणून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. त्यांनी एकदा तरी तो पुन्हा डोळ्याला लावावा, म्हणून आई नाना निमित्तं काढायची आणि बाबा प्रत्येक वेळी निसटायचे. घरात दुसरं काही बिनसलं नव्हतं, पण ते गप्प झाले होते.

कॅमेऱ्याच्या त्या खिडकीतून मी पहिल्यांदा बघितलं, तेव्हा अंगावर काटा आला. मधोमध एक पिवळसर चौकोन. त्यात माणूस दुहेरी दिसतो. लेन्सची रिंग फिरवत जायचं. दोन आकृत्या सरकत सरकत जवळ येतात आणि एका क्षणी त्यांचा एकच माणूस होतो. म्हणजे फोकस जमला. एवढ्याशा पितळेत आणि काचेत हे कोणाला सुचलं असेल, या विचाराने मी थक्क व्हायची आणि अजूनही होते. बाबांच्या नजरेतून नेमका तो चौकोनच गेला होता.

मी स्वभावाने चिकित्सक. आईच्या शब्दांत किरकिरी. कॅमेऱ्याच्या दोन लेन्स होत्या, पस्तीसची आणि पन्नासची. पस्तीसची अख्खी खोली सामावून घेते, पन्नासची एका माणसाजवळ जाते. यांतली जास्त धारदार कोणती, हे ठरवायला मी एका रविवारी गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीच्या सावलीत भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि दोन्हींनी फोटो काढत बसले. बाबांना खुर्ची टाकून दिली होती.

"काय काढतेयस?"

"पेपर."

"छापलेल्याचा फोटो? बातमी एवढी आवडली तर कापून ठेव ना!"

मी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात वाळत घातलेल्या मिरच्या परतायला आई वर आली. तिने मिरच्यांकडे बघितलंसुद्धा नाही. टाकीला टेकून उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "अहो, माझा एक काढा."

"हिला सांग."

"हिचा पेपर होऊ दे. तुम्ही काढा."

आई स्वतःहून फोटो कधी मागत नाही. बाबांनी खुर्ची मागे सारली. मग उठून हात पुढे केला. मी कॅमेरा दिला. त्यावर पन्नासची लेन्स होती, आणि गडबडीत सांगायचं राहिलं की अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं आहे. म्हणजे अंतर थोडं चुकलं तरी चेहरा धूसर.

जुन्या सवयीने त्यांनी उजवा डोळा खिडकीला लावला. डावा उघडाच होता. या कॅमेऱ्यात खिडकी कोपऱ्यात असल्याने दुसरा डोळा झाकला जात नाही.

"टोपी?"

"काढली!" आई एकटीच ओरडली.

त्यांनी बटण दाबलं नाही. आवाजाच्या दिशेने किंचित वळले. लेन्सच्या खाली रिंग फिरवायला, बोट टेकवण्यापुरता एक छोटा कान आहे, तो बोटाने हलकेच सरकवला, थांबले, केसभर मागे आणला.

"परत सांग. टोपी?"

"काढली!"

खट्.

आठवड्याने रोल धुऊन आला. दोन लेन्समध्ये मला काडीचाही फरक सापडला नाही, मेहनत पाण्यात. मग आईचा फोटो पुढे आला आणि मी उभीच राहिले. पापणीचा केस न् केस वेगळा. चौकोनात डोळे खुपसूनही मला एवढा नेमका फोकस कधी साधलेला नाही. बाबांनी तो फक्त आवाजावर आणि बोटावर साधला होता.

प्रिंट बाबांना दिली. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने त्यांनी ती पाहायचा प्रयत्न केला.

"शार्प आहे?"

"बाबा, झकास आहे. खरंच."

"डोळे उघडे आहेत ना तिचे?"

"आहेत."

"लेन्समध्ये बघतेय?"

मी नीट पाहिलं. नव्हती. नजर लेन्सच्या जरा वर, एका बाजूला होती. काहीतरी आठवून मी जुना अल्बम काढला. आम्ही सगळे लेन्सकडे बघत होतो, आई प्रत्येक फोटोत तिथेच बघत होती, कॅमेऱ्याबाहेर राहिलेल्या बाबांच्या डाव्या डोळ्याकडे.

"नाही," मी म्हणाले. "तुमच्याकडे बघतेय. सगळ्याच फोटोंत."

"लग्न झाल्यापासून सांगतोय हिला, लेन्समध्ये बघ, लेन्समध्ये बघ!"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. भडकली की ती मालवणीवर उतरते.

"काचेक काय बघूचा? मी तुमकाच सांगत होतंय, टोपी काढली म्हणून."

बाबा बोटं प्रिंटवरून, जिथे तिचा चेहरा असावा तिथून, सावकाश फिरवत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कॅमेरा आण. आणि रोल आहे का बघ."