झऱ्याकाठच्या लोकांचे मौन

शहरातील पाणथळ राखायची असेल, तर तिच्या काठी राहणाऱ्यांना विचारले पाहिजे, हे आता सर्वांना मान्य आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा होता: विचारल्यावर लोक गप्प राहिले, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?

उत्तर मिळाले ते सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. टाळेबंदीचा हिवाळा होता, म्हणजे इकडचा जुलै. पुण्यात भूगोल शिकवणारी मी सिडनीत आल्यावर नकाशे काढण्याच्या नोकरीत शिरले होते, आणि आमच्याकडे युगांडातील कंपाला शहराच्या एका पाणथळीचे काम आले होते. पावसाचे पाणी जिथे थांबते, गाळ सोडते आणि सावकाश पुढे सरकते, ती पाणथळ. शहराचे गाळणेच म्हणा. भराव पडून ती आक्रसत होती, म्हणून तिच्याभोवती कुंपण घालायचे ठरत होते. मात्र कुंपणाच्या आत एक झरा येत होता. काठची वस्ती त्याच झऱ्याचे पाणी पीत असे, आणि आराखड्यात वस्तीच्या बाजूला फाटक नव्हते. हे वस्तीला चालेल का, एवढेच विचारायचे होते.

विमाने बंद असल्यामुळे सभा पडद्यावर झाली. परवानगी काढून वस्तीतली मोजकी माणसे एका घराच्या ओसरीत, अंतर राखून, फोनसमोर बसली. आमची तिथली सहकारी दुभाषी होती. आमचा प्रमुख मूळचा पुण्याचा, कॉलेजपासून माझ्या ओळखीचा. तो मेलबर्नच्या ट्रुगानिनातून बोलत होता. त्याने नकाशा दाखवला, कुंपण समजावले आणि विचारले, "कुणाचा आक्षेप?" कुणी बोलले नाही. त्याने पुन्हा विचारले, थांबला, आणि म्हणाला, "नाही? मग मंजूर."

सभा संपल्यावर त्याचा मला फोन आला. "काय गं, तोंड का पाडलंस? आमच्या सोसायटीच्या सभेत एवढी शांतता मिळाली असती, तर लिफ्ट माझ्या लग्नाआधी लागली असती."

"पण पाण्याचं कुणी विचारलंसुद्धा नाही."

"दाखवलं ना सगळं? आक्षेप नाही म्हणजे नाही. आजच मंजुरी पाठवतो मी."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या मुलीचा ऑनलाइन वर्गाचा गृहपाठ चालला होता. मान वर न करता ती म्हणाली, "आई, दे वेअर ऑल लुकिंग डाउन. द होल टाइम."

मी दुभाषी सहकारिणीला फोन लावला. मला काहीच ठाऊक नाही, याचेच तिला नवल वाटले. झऱ्याची देखभाल करणारी वृद्ध बाई त्याच आठवड्यात करोनाने गेली होती. देह अजून रुग्णालयात होता आणि दफन सरकारी माणसे करणार होती. दफन होईपर्यंत त्या वस्तीत कुणी जमिनीत कुदळ मारत नाही, जमिनीबद्दल काही बोलत किंवा ठरवतही नाही.

"मग ते आले कशाला?" मी विचारले.

"तुम्ही बोलावलं होतं. बोलावणं मोडायचं नसतं."

"आणि तुम्ही? तुम्ही तरी सांगायचं."

"ती माझी मावशी होती," ती म्हणाली. "मी तुमचे शब्द पोचवत होते. माझे स्वतःचे बोलायची मलाही मुभा नव्हती."

फोन ठेवल्यावर मी सभेचे रेकॉर्डिंग उघडले. एका जागी चित्र थांबवून पाहिले. पुढच्या रांगेत एक स्टूल रिकामे होते. ते अंतर राखण्यासाठी सोडले असेल, असे मी सभाभर धरून चालले होते.

मी प्रमुखाला गाठले. "पाठवू नकोस."

"पाठवलं की."

"अरे, त्यांच्याकडे सुतक आहे."

त्याला आणखी काही सांगावे लागले नाही. त्याच वर्षी वैशाखात त्याचे वडील पुण्यात करोनाने गेले होते. महापालिकेची माणसे त्यांना घेऊन गेली, आणि हा ट्रुगानिनात फोन हातात धरून बसला होता. तो म्हणाला, "त्या दिवसांत कुणी मला विचारलं असतं, तुमचं घर विकतोय, आक्षेप आहे का, तर मीही गप्पच बसलो असतो."

"आणि आपण लिहिलं असतं, मंजूर."

"ठेव फोन. परत मागवतो."

तोवर तिकडे खांबांच्या खड्ड्यांसाठी चुन्याच्या खुणा पडू लागल्या होत्या. त्या थांबल्या. दफनानंतर त्याच ओसरीत पुन्हा सभा झाली. या वेळी पहिल्यांदा आमची सहकारी स्वतःचे बोलली. "पाणी भरायला येणारेच झरा साफ ठेवतात. त्यांनाच बाहेर काढलंत, तर राखणार कोण?" मग सगळे एकदम बोलू लागले आणि भाषांतर करणे तिला अशक्य झाले. अखेर कुंपणाची रेघ आत वळवली आणि झरा वस्तीकडे राहिला.

मी अजूनही हादरते ती वेगळ्याच गोष्टीने. नियमाने पाहिले तर आमचे काही चुकले नव्हते: लोकांना बोलावले होते, नकाशा दाखवला होता, प्रश्न विचारला होता आणि उत्तराची वाटही पाहिली होती. तरीही एका वस्तीचे पाणी जाणार होते, आणि कागदावर ते तिच्याच संमतीने गेले असते.

माझ्या एका अनुभवावर विसंबू नका. तुमच्या भागातील तळे, टेकडी किंवा बाग यांच्या योजनेत 'आक्षेप नाही' असे लिहिलेले आढळले, तर सभेत गप्प बसलेल्यांपैकी कुणाला तरी भेटा, कारण विचारा आणि मी म्हणते ते कितपत खरे आहे, ते स्वतः तपासून पाहा.