ढोलीवरचा फ्लेक्स

आज सकाळी मी माझ्या वारलेल्या आत्याचा फ्लेक्स फाडला.

हो, मीच. गल्लीच्या ग्रुपवर "कोणीतरी विकृत माणसाने" असं फिरतंय, म्हणून नावानिशी लिहिते.

सुमनआत्याला जाऊन आज वर्ष झालं. केडगावच्या आमच्या गल्लीतल्या मंडळानं काल संध्याकाळी चिंचेला बोर्ड ठोकला. 'पक्षीप्रेमी सुमनताईंचे प्रथम पुण्यस्मरण.'

आत्याचा फोटो पासपोर्टएवढा. अध्यक्षांचा गॉगलसकट, चौपट. कोपऱ्यात नेटवरून उचललेला पोपट.

पिंजऱ्यातला.

पोपट पाळणं गुन्हा आहे, हे आत्या घरोघरी सांगत फिरायची.

पण मी त्यासाठी फाडला नाही.

मी शाळेला इतकी घाबरायचे की तिसरीपर्यंत आत्यानंच मला घरी शिकवलं. ओट्यावर बसून. समोर हीच चिंच.

संध्याकाळी पोपटांचे थवे मुक्कामाला यायचे आणि एसटीत भांडावं तसे फांदीवरच्या जागेवरून भांडायचे. अंधार पडला की सगळे एकदम गप्प.

"का गप्प झाले?"

"मला नाही माहीत. उद्या परत बघू."

मी 'पोपट पेरू खातो' लिहिलं की विचारायची, "खातो, की अर्धा खाली टाकतो? नीट बघितलंस का?"

या दिवसांत चिंचेच्या ढोलीत पिल्लं असतात. मादी आत. नर शेंगा, फुलं, हरभरा, मिळेल ते पोटात भरून आणतो आणि ढोलीच्या तोंडाशी बसून तिच्या चोचीत ओततो. "डबा आला बघ," आत्या म्हणायची.

बोर्ड बरोबर त्या ढोलीवर ताणला होता.

सकाळी नर फ्लेक्सवर आपटत होता. घसरायचा, ओरडायचा, परत यायचा. मला चुकायची फार भीती वाटते, म्हणून जवळ जाऊन खात्री केली. फ्लेक्सच्या मागून खरडल्याचा आवाज येत होता.

अध्यक्षांना फोन केला.

"भाऊ, बोर्ड जरा खाली घ्या ना. मागं ढोली आहे, आत पिल्लं आहेत."

"ताई, दुपारी साहेब येणारेत हार घालायला. उद्या काढू की."

"उद्यापर्यंत मरतील ती."

"पोपटच हायेत ना? लई मनाला लावून घेता तुमी."

शेजारच्या काकूंची शिडी आणली. खिळ्यांना बांधलेली तार सुटेना, म्हणून फ्लेक्स कात्रीनं मधोमध फाडला.

खालून एक आजोबा म्हणाले, "घरचीच पोरगी, अन् मयताचा बोर्ड फाडती."

मी उतरले तरी नर बराच वेळ विजेच्या तारेवरच बसून राहिला. मग आला. ढोलीतून चोच बाहेर आली.

दुपारी साहेबही आले. हार घालायला बोर्ड नव्हता. मग अध्यक्षांनी तो हार साहेबांच्याच गळ्यात घातला. टाळ्या वाजल्या. फोटो ग्रुपवर आहेत. माझ्या आत्याचं नाव कुणी घेतलं नाही.

आत्या, तुला माझा नमस्कार. मनापासून श्रद्धांजली.

आणि मंडळाला एवढंच सांगते. तिच्या नावानं पुन्हा या झाडाला खिळा ठोकलात, तर शिडी आता माझी स्वतःची आहे.