परत करायचा डबा

बायको गेली तेव्हा सोसायटीतल्या बायकांनी मला जगवलं, आणि त्याचा पुरावा पुढे बराच काळ आमच्या ओट्यावर उभा होता. पहिल्या दिवशीचा पिठलंभात पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडून आला. नंतर कुणी पोळ्या आणल्या, कुणी मुगाची खिचडी, कुणी काही न बोलता नुसतं ताक ठेवून गेलं. दिवसकार्य झालं, नातेवाईक पांगले आणि घरात मी, पुस्तकं आणि दुसऱ्यांचे स्टीलचे डबे एवढेच उरलो. डबे मी घासून, पुसून, पालथे घालून ठेवले होते. ते परत करायला हवेत हे कळत होतं. ओट्यावर ते होते तोवर ते दिवस संपले असं म्हणता येत नव्हतं, आणि ते संपावेत असं मला फार वाटत होतं.

अडचण अशी, की डबा रिकामा परत करायचा नसतो. ही तसं कधीच करत नसे, एवढं मला माहीत होतं. ती त्यात काय घालून देते हे मात्र मी कधी बघितलं नव्हतं, कारण तेव्हा मी बाहेरच्या खोलीत वाचत असे. मला स्वतःला दोनच पदार्थ येतात, चहा आणि मऊ भात. चहा डब्यातून देता येत नाही. मऊ भात दिला असता तर लोकांना आपण आजारी आहोत की काय अशी शंका आली असती.

म्हणून मी बाजारात गेलो.

हिला प्रदर्शनांचं वेड होतं. लग्नाचे मुहूर्त नसले की पुण्यातल्या मंगल कार्यालयांत ‘प्रदर्शन आणि विक्री’ भरते. ही आत जायची आणि मी दाराबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, इतर नवऱ्यांच्या रांगेत पुस्तक उघडून बसायचो. आत काय विकतात याबद्दल माझी मतं ठाम होती. कधी आत न गेल्यामुळे ती ठाम राहणं सोपं होतं.

या वेळी आत गेलो. हाताने केलेल्या वस्तू होत्या, आणि बऱ्याचशा कशाच्या तरी दुसऱ्या जन्मातल्या. जुन्या जीन्सच्या पिशव्या, साड्यांच्या काठांचे बटवे, बाटल्यांचे दिवे, सायकलच्या चेनचं घड्याळ, करवंटीची बटणं, टायरच्या ट्यूबचं पाकीट. मी प्रत्येक टेबलाशी थांबलो आणि प्रत्येक वस्तू उलटी करून बघितली. एका टेबलावर पाटी होती, ‘वस्तू नाजूक आहेत. कौतुक दुरून केले तरी पोहोचते.’ मी हात मागे घेतला. पण मला मजा येत होती, हे मान्य करायला हवं. आपलं काम संपलेली वस्तू पुन्हा भलत्याच कामाला लागलेली बघून बरं वाटायचं. मी निवृत्त प्राध्यापक आहे, तेव्हा त्या बरं वाटण्यात थोडा स्वार्थही असेल.

मग रविवार कमी पडू लागले. एकदा कसब्यातून चालत बुरूड आळीत गेलो. तिथे एका दुकानात बांबूची छोटीशी टोपली आवडली.

“ही कशासाठी वापरतात?” मी विचारलं.

“ठेवायला,” दुकानदार म्हणाला.

“काय ठेवायला?”

“ते घरी जाऊन बघा.”

मी टोपली घेतली. अजून बघतो आहे.

अशा रीतीने डबे भरून परत जाऊ लागले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना मी वाळ्याचा हाताने केलेला साबण दिला. चौकोनी, सुबक साबण त्यांच्या डब्यात अगदी मापाने बसला. आठवड्याने त्या जिन्यात भेटल्या.

“सर, साबण छान होता हो. डबा तीनदा घासला, पण वास जात नाही. काल ह्यांनी त्यातला चिवडा खाल्ला आणि म्हणाले, आता आंघोळ नाही केली तरी चालेल.”

मी ओशाळलो. पुढच्या वेळी वास नसलेलं काहीतरी द्यायचं ठरवलं. ती वेळ लगेच आली, कारण काकूंनी डबा पुन्हा भरून माझ्याकडे पाठवला होता. दोन्ही बाजूंनी रीत पाळली तर हा प्रकार कधीच थांबत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. या खेपेला मी त्यात ट्यूबचं काळं पाकीट घातलं. काकूंनी संध्याकाळी दिवा लावायच्या आधी झाकण उघडलं आणि आत पाल आहे असं समजून डबा गॅलरीतून खाली टाकला. डब्याला पोचा आला. त्यानंतर त्यांनी मला सरळ सांगितलं की सर, आता काही देऊ नका, आपला स्नेह आहे तसा राहू द्या.

हळूहळू ओटा मोकळा झाला. एकच डबा उरला. लहानसा, गोल, घट्ट झाकणाचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, ‘सौ.’ आणि पुढे एका बाईचं पूर्ण नाव. आमच्या इमारतीत त्या नावाचं कुणी नाही. मी प्रत्येक मजल्यावर चौकशी केली. फक्त समोरच्या वहिनी भेटल्या नाहीत, कारण त्या हिचे दिवस झाल्यावर लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या होत्या. शेवटी खाली फळ्यावर चिठ्ठी लावली. ‘एक लहान डबा माझ्याकडे आहे. मालकिणीने खूण पटवून घेऊन जावा.’ दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘आत काय होते ते सांगितल्यास प्रयत्न करता येईल.’

आत काय होतं ते मला आठवत नव्हतं. त्या दिवसांतलं मला फारसं काही आठवत नाही.

वहिनी नागपूरहून परतल्या आणि मला भेटायला आल्या. आमचं घर बघून दारातच थबकल्या. टेबलावर बाटलीचा दिवा, भिंतीवर चेनचं घड्याळ, खिडकीत रिकामी टोपली.

“सर, दुकान टाकताय?”

मी त्यांना डब्यांची अडचण समजावून सांगितली. साबण, पाकीट, पोचा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“अहो, चमचाभर साखर घालायची. काही नसलं की आम्ही तेवढंच करतो. तुमची हीसुद्धा तेच करायची.”

साखरेचा डबा ओट्यावर, हाताशी होता. मी रोज त्यातून चहाला साखर घेत होतो.

“पण येत्या रविवारी मी येते तुमच्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “हे सगळं मिळतं तरी कुठे, ते बघू दे.”

मी त्यांना उरलेल्या डब्याबद्दल बोललो नाही. साखरेनंतर आणखी काही विचारायची हिंमत राहिली नव्हती. पण रविवारी डबा पिशवीत घालून घेतला. तो शेवटचा होता. मालकीण सापडेल तेव्हा त्यातून काहीतरी नीट द्यावं, मापाने बसेल असं घ्यावं, असा माझा विचार होता. साखर पुरते हे कळूनसुद्धा हा विचार गेला नव्हता, यावरून प्रदर्शनांनी माझं काय करून ठेवलं होतं ते दिसतं.

चंद्रपूरकडची एक मुलगी तिथे टेबल मांडते. वाघोलीला राहते, कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या वस्तूंचं काहीबाही बनवते. मी डबा काढून एका बटव्याशी मापून बघत होतो, तेवढ्यात तिने तो माझ्या हातातून घेतला.

“काका, हा विकता का? अशी नावं टाकलेली झाकणं कुठे मिळतात आता. मी ह्याचं वॉल हँगिंग करते न.”

तिने मागे बोट दाखवलं. दोरीला जुनी झाकणं, ताटल्या टांगलेल्या होत्या. प्रत्येकीवर कुणा ना कुणा ‘सौ.’चं नाव होतं. वाऱ्याने त्या एकमेकींवर आपटून बारीक आवाज होत होता. छानच दिसत होत्या.

“माझा नाही,” मी म्हणालो. “ज्यांचा आहे त्यांना शोधतोय.”

वहिनी शेजारच्या टेबलावर आवळा सुपारी चाखत होत्या. त्यांनी मान वळवली.

“बघू. अहो सर, हा तुमचाच आहे.”

“यावर नाव वेगळं आहे.”

“असणारच. हळदीकुंकवाचं वाण आहे हे. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी दिलेलं. वाणावर नाव देणारीचं असतं, घेणारीचं नसतं. एवढं शिकलात, आणि मालकीण शोधत हिंडताय?”

मुलगी हसली. मीही हसलो असतो, पण मला विचारायचं होतं. “मग तो तुम्हा सगळ्यांच्या डब्यांत कसा आला?”

“मीच आणला. तिने मला त्यातून लिंबाचं लोणचं दिलं होतं. लोणचं कधीच संपलं, डबा द्यायचा राहून गेला. ती गेल्यावर कपाटात दिसला. रिकामा कसा देणार? मेतकूट घालून आणला. तुम्ही मऊ भात खात होतात ना.”

तेव्हा ते आठवलं. मऊ भातावर पिवळं मेतकूट, आणि ते कुठून आलं हे न विचारता मी खात बसलेलो.

म्हणजे जो डबा परत करून मी ते दिवस संपवणार होतो, तो मलाच परत आलेला होता. हिचा होता, आणि भरून आला होता.

“मग देता का काका?” मुलीने विचारलं.

“नको,” मी म्हणालो. ती नाराज होऊ नये म्हणून बटवा घेतला. काठ हिच्या एका साडीसारखा वाटला. त्या रंगाची साडी हिच्याकडे होती की नाही याची मला खात्री नाही. याबाबतीत माझ्या साक्षीला किती किंमत द्यायची, ते एव्हाना सर्वांना कळलं असेल.

शेजारच्या टेबलावरून आवळा सुपारी घेतली. घरी येऊन ती त्या डब्यात भरली, झाकण लावलं आणि समोरची बेल वाजवली. वहिनींनी डबा हातात घेऊन आधी नाकाशी नेला.

“साबण नाही ना?”

“नाही.”

“मग ठेवते.” त्यांनी दार लावून घेतलं.

त्याला आता बरेच रविवार झाले. मी बाजारात जातो, वस्तू उलट्या करून बघतो, क्वचित एखादी घेतो. डबा अजून परत आलेला नाही. जिन्यात वहिनी भेटतात, नातवाचं सांगतात, डब्याचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही. हिनेही तो कधी मागितला नव्हता.