तोंडानं काढलेला फोटो

मंडळी, आज सकाळी काटोलहून एक बाई माझा पत्ता शोधत घरी आली. "सत्त्याहत्तर साली तुमी माह्या मायचा फोटो काढला होता. तिचा दुसरा फोटोच नाही आमच्यापाशी."

मला तो दिवस आठवला. तेव्हा रोल महाग. संत्र्याच्या बगीच्यात मालकाचा फोटो मी खरा काढला. संत्री तोडणाऱ्या तिच्या मायच्या वेळी बटण न दाबता तोंडानंच 'टक्' केलं होतं.

माय हुशार. लगेच म्हणाली, "मालकाच्या वेळेस फोटो काढल्यावर रोल सरकवायला कॅमेऱ्याची चावी फिरवली. माह्या वेळेस काहून नाही फिरवली, भाऊ?"

"निघाला ना फोटो!" मी हसलो होतो.

आज लेकीलाही म्हणालो, "शोधून पाहतो."

तिनं माझ्या जुन्या निगेटिव्हच्या कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मायनं तेव्हा पाहिलं होतं, अगदी तसंच.

रविवारी परत येते म्हणाली. सांगा, तिच्या हातात काय ठेवू?