पाहुण्यांसाठी हाका

माझ्या आईचे वडील एका पायानं लंगडत. गोरा साहेब शिकारीला आला की पाड्यातली माणसं धरून हाक्याला न्यायचे. डबे बडवत, ओरडत रान उठवायचं आणि जनावर साहेबाच्या मचाणाकडे रेटायचं. एकदा डुक्कर उलटं फिरलं आणि आजोबांची मांडी फाडून गेलं. डोळखांबच्या घरी मामा ही गोष्ट इतकी रंगवायचा, डुकराचं फुरफुरणं काढून दाखवायचा, की आम्ही पोरं हसून लोळायचो. आजोबा ओटीवर बसून ऐकत. ते हसायचे का, कुणास ठाऊक. मी कधी बघितलंच नाही.

आता मी मुरबाडच्या रस्त्यावर एका रिसॉर्टवर मॅनेजर आहे. मालकानं यंदा साहेबी थाट काढला: वेताच्या खुर्च्या, भिंतीवर खोटी शिंगं, पाहुण्यांना घालायला हॅट. संध्याकाळी काहीतरी कार्यक्रम पाहिजे, म्हणाला. मी अक्कल पाजळली. म्हटलं, शिकारीचा हाका दाखवू की! मालक जाम खूश.

हाक्याला माणसं हवी होती. भातं झोडून झाली की आमच्याकडचे अर्धे लोक वीटभट्टीवर जातात. मामाचे गुडघे गेलेत, त्याला यंदा भट्टी झेपणार नव्हती. त्याची सोय होईल, असं स्वतःला बजावत मी त्याच्या घरी गेलो. काम ऐकून त्यानं माझ्यापुढं चहा ठेवला. मग म्हणाला, "डुक्कर नाय ना आननार?" आम्ही दोघंही हसलो.

पहिल्या संध्याकाळी मामा सगळ्यांच्या पुढे. "हो हो हो" करत, डबा बडवत, गवतातून लंगडत आला. लंगडायला मी सांगितलं नव्हतं. गुडघ्यानं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मचाणावर शिट्ट्या वाजल्या. हॅट घातलेल्या एक बाई फोटोसाठी खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "काका, सलाम करा ना!" मामानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यानं कपाळाला हात लावला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर पंधरा ऑगस्टला इंग्रजाच्या नावानं घसा फोडणारा मीच ना? आणि मामाला सलाम करायला लावणाराही मीच. लाज वाटली, पण बाईंना नको म्हणायला तोंड उघडलं नाही.

नंतर स्वयंपाकघरामागं चहा पिताना मी म्हटलं, "मामा, नको वाटत असंल तर उद्यापासून येऊ नको."

तो घाबरलाच. "का रे? कायतरी कमी पडलं काय?"

"नाय रे, तसं नाय."

"मंग? माज्या बापाला मानगूट धरून न्यायचे. तू तर घरी आलास, चा प्यालास, इचारलंस. उद्या टायमावर येतो."

माझ्याशी असं कौतुकानं बोलायला नको होतं त्यानं. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो आला, रोज येतो. दुसऱ्याच दिवशी मी त्याच्यासाठी मोठा डबा काढून ठेवला. पाहुण्यांना पहिल्या डब्याचा आवाज कमी वाटला होता.