नाटकात नसलेली सही

दुसऱ्याच्या दुःखावर नाटकं लिहून टाळ्या घेणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. त्यातला एक मी स्वतः होतो, म्हणून जरा जास्तच आहे.

मी चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपचा सुपरवायझर. आमच्याकडं पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात. राहायला संत तुकाराम नगरात. शिफ्ट सुटली की तिथल्याच एका हॉलमध्ये आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या तालमी चालायच्या. संस्था म्हणजे आठ-दहा डोकी. दिग्दर्शक पिंपळे सौदागरच्या सोसायटीत राहणारा, आयटीतला. चांगला पगार, चांगली गाडी, आणि तोंडात सारखा एकच शब्द: संघर्ष. त्याच्या आयुष्यात सर्वात मोठा संघर्ष पार्किंगचा असावा.

आमच्या शॉपमध्ये एक जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. मूळचे मोशीचेच, पन्नाशी उलटलेले, फटकळ. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. एका सकाळी प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मशीनसमोर हात आला की प्रेस थांबवणारा एक सेन्सर असतो. तो त्या दिवशी बंद होता. खरं तर तो कित्येक दिवस बंदच होता, कारण तो सारखा मशीन थांबवायचा आणि माल कमी निघायचा.

मामा दवाखान्यातून घरी आले तोवर माझ्या डोक्यात एकांकिका तयार झाली होती. हे लिहितानाही किळस येते, पण तसंच झालं. पेटी वाजवणारा कामगार आणि तुटलेली बोटं! मी त्यांना भेटायला मोशीला गेलो तेव्हा एक डोळा त्यांच्या बँडेजवर आणि एक कान त्यांच्या बोलण्यातल्या वाक्यांवर होता. काही विचारलं नाही. परवानगीही मागितली नाही.

दिग्दर्शकाला एकांकिका वाचून दाखवली. तो डोळे मिटून बसला.

"राव, कमाल आहे," तो म्हणाला. "फक्त अजून भिडायला पाहिजे. याची आई आजारी दाखवू. आणि शेवटी तो स्वतःची पेटी फोडतो."

"पेटी फोडतो?"

"मग! कलावंत आहे ना तो. मागं एक करुण बासरी."

मी मान डोलावली. मामांची आई जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी मी तिला खाटेवर निजवली. मॅनेजरला राक्षस केला. तो रंगमंचावर येऊन हसायचा, उगाच, मोठ्यानं. मामांचं काम करणाऱ्या पोरानं बोटं मुठीत दाबून एवढा आक्रोश करायला सुरुवात केली की तालमीत आमचाच एक जण रडला. त्यावर दिग्दर्शक खूश. कुणी रडलं की आमच्याकडं काम झालं असं समजत.

चिंचवडच्या एका नाट्यगृहात स्पर्धा झाली. मामांना मीच बोलावलं होतं. त्यांच्यासाठी पुढची खुर्ची राखली होती, म्हणजे आपण किती मोठ्या मनाचे हे लोकांना दिसावं. प्रयोग रंगला. पेटी फुटली तेव्हा पाठीमागं बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. एका परीक्षकानं भाषणात "श्रमिकांचा हुंकार" असं काहीतरी म्हटलं. त्याच्या बोटांत दोन अंगठ्या होत्या आणि माझी नजर त्यांवरून हलेना. लेखनाचं पहिलं बक्षीस मला मिळालं.

मामा बाहेर पायऱ्यांवर उभे होते. मी ट्रॉफी घेऊनच त्यांच्याकडं गेलो. इतका मी निर्लज्ज.

"कसं वाटलं, मामा?"

"पेटी फोडली व्हय रं त्यानं?" ते म्हणाले. "पेटी कोन फोडतं? येडा हाय का त्यो?"

"ते नाटकासाठी, मामा. दुःख दिसायला पाहिजे ना."

"दुःख!" ते तोंड वाकडं करून हसले. "मंडळातल्यांनी माज्या हातात टाळ दिले. म्हनाले, मामा, आता हे धरा. दोन महिने टाळ कुटत बसलो. लई राग यायचा. मग पेटीचा भाता उजव्या हाताला दिला आन् डाव्या हातानं सूर धराया लागलो. डाव्याला कायबी येत न्हाई. पोरांना शिकवत्यात तसं सा रे ग म पास्नं शिकवतोय त्याला. शेजारचे दारं लावून घेत्यात. हे न्हाई टाकलंस त्यात?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या घरी दोनदा जाऊन आलो होतो, तरी. मी विचारलंच नव्हतं.

"आन् आजून एक," ते म्हणाले. "समदे होते त्या नाटकात. म्यानेजर होता, मेलेली आई होती. तू न्हाई दिसलास."

मामा पायऱ्या उतरून बस स्टॉपकडं गेले.

त्यांचं म्हणणं मला लगेच कळलं होतं. रोज सकाळी मशीन सुरू होण्याआधी एक तक्ता भरावा लागतो. सेन्सर चालू आहे का, असा त्यात एक रकाना असतो. त्यावर बरोबरची खूण आणि खाली सही सुपरवायझरची. ती माझी होती. वरून दबाव होता, खरं आहे. पण पेन माझ्याच हातात होतं. नाटकातला हसणारा मॅनेजर मी कशासाठी रंगवला होता, ते मला तिथं पायऱ्यांवर उभं राहून समजलं. माझं पात्र कुणाला आठवू नये म्हणून.

पुढच्या आठवड्यात मी नवा प्रवेश लिहिला. त्यात कुणी ओरडत नाही. एक माणूस रोज सकाळी चहा पीत पीत तक्त्यावर खूण करतो, सही करतो आणि निघून जातो. दिग्दर्शकानं वाचला आणि कागद परत सरकवला.

"हा माणूस कशाला? प्रेक्षकांना राग कुणाचा करायचा तेच कळणार नाही. आणि पुढचे प्रयोग बुक आहेत, भाऊ."

"मग पेटी तरी फोडू नका. डाव्या हातानं वाजवू दे."

"बेसूर वाजवणार? ते कोण बघणार?"

मी संस्था सोडली. यात मोठेपणा काही नाही. बक्षीस घेऊन झाल्यावर सोडणं सोपं असतं. ते अजून प्रयोग करतात. पाट्यांवर माझ्या नावाच्या जागी "सामूहिक लेखन" असं येतं. परवा कुणीतरी सांगितलं, आता पेटी दोनदा फोडतात.

नवा प्रवेश घेऊन मी एका रविवारी मोशीला गेलो. मामा पेटीसमोर बसले होते. दोन-तीन सूर चुकवून त्यांनी स्वतःलाच शिवी हासडली आणि मग मला बघून म्हणाले, "बस. काय आनलंय?"

मी वाचून दाखवलं. शेवटपर्यंत त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, निदान पाठीवर हात ठेवतील. अशी अपेक्षा ठेवणंही माझ्या जातकुळीच्या माणसालाच जमतं.

"चूक हाय," ते म्हणाले.

"काय?"

"रोज सकाळी सही करतो म्हनून लिवलंयस. तू रोज कुठं करायचास? शनवारीच पुढच्या अख्ख्या आठवड्याच्या करून ठेवायचास. मी समोरच उभा असायचो की."

ते खरं होतं. मी खिशातून पेन काढलं आणि तिथंच, त्यांच्यासमोर बसून, ते वाक्य खोडलं.