आईच्या पायाखालचा साग

गुडघे तपासून झाल्यावर डॉक्टरांनी आईला विचारलं, नाच कशावर शिकवता? ती म्हणाली, घरात, ग्रॅनाइटवर. त्यांनी पेन खाली ठेवलं. दगडावर पाय आपटणं थांबवा, नाहीतर शिकवणंच थांबवावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तमिळ मुलखातल्या आमच्या मेलकावेरीला परत येताना ऑटोत आई बाहेर बघत बसली होती.  

आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी मुली भरतनाट्यम शिकायला येतात. त्या दिवसापासून आई खुर्चीत बसून ताल धरू लागली. हातात तट्टुकळी, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर वाजवायची आखूड काठी, आणि तोंडाने बोल. पण बसून सांगितलेलं मुलींच्या पायांपर्यंत पोचत नव्हतं. त्या मान हलवत आणि पाय पुन्हा तसाच टाकत. खुर्चीच्या दांड्यावरची आईची बोटं आवळली जायची. ते मुलींना दिसत नसे, मला दिसे.

मी घरूनच चेन्नईच्या एका कंपनीचं काम करते, त्यामुळे लाकडी जमिनीची शोधाशोध स्क्रीनवरच केली. परदेशातल्या दिवाणखान्यांचे फोटो तिला दाखवले. फिकट लाकूड, वर काचेसारखं पॉलिश. तिने फोन जवळ घेऊन पाहिला आणि विचारलं, यावर घामेजलेला पाय ठरेल का? हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शंका पाण्याची होती. आमच्याकडे हॉल रोज पाण्याने पुसतात, आणि शुक्रवारी दिव्यापुढे तांदळाच्या ओल्या पिठाचं कोलम, म्हणजे रांगोळी, असतं. नदी इतकी जवळ, लाकूड भिजलं की अप्पळमसारखं, तळलेल्या पापडासारखं, फुगेल, असं त्यांचं म्हणणं. "मग शुक्रवारी कोलम काय छतावर काढणार?" त्यांनी विचारलं. आईने ते लक्षात ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

आडुतुरैच्या रस्त्यावर एक लाकडाची वखार आहे. तिथे आईने कापडी पिशवीतून तट्टुकळी काढली आणि एकेक फळी वाजवायला सुरुवात केली. आधी पिवळाधमक फणस, मग नवा साग. वखारवाला तिच्याहून बराच लहान. थोडा वेळ त्याने पाहिलं, मग तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, मृदंग करायचाय का?"

"मृदंग हातांनी वाजवतात, तंबी," आई धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाली. "मला पायांनी वाजवायचंय."

मग तिने एक फळी सिमेंटवर टाकायला लावली, चपला काढल्या आणि पाय आपटला. मान नकारार्थी हलली. अशी सपाट चिकटवली तर हा दगडच, फक्त रंग वेगळा, असं ती म्हणाली. तिने फळीच्या दोन्ही टोकांखाली पट्ट्या ठेवायला सांगितल्या. आता फळीखाली पोकळी होती. आईने साडीचा पदर खोचला, गुडघे बाहेर वळवून अर्धी खाली बसली आणि पहिला अडवू, म्हणजे नाचातला पायांचा मूळ धडा, सुरू केला.

हमाल थांबले. मी तिच्या जागी असते तर जमिनीत गेले असते. मला दुकानात सुट्टे पैसे मागायचीसुद्धा लाज वाटते. पण आईला आजूबाजूचं कोणी दिसतच नव्हतं. थांबल्यावर तिने डोळे मिटले. दुखण्याची वाट बघत होती. गुडघा दुखला नाही, तेव्हा डोळे उघडले.

शेवटी तिने जुना साग घेतला, कुठल्याशा पाडलेल्या घराच्या तुळयांमधून कापलेला. आकसायचं तेवढं तो आकसून झाला आहे, आता आपल्या घरात नखरे करणार नाही, असं तिचं म्हणणं. पॉलिश नको, नुसतं तेल. तमिळमध्ये सगळं ठरवून झाल्यावर ती माझ्याकडे वळून इथे पिढ्यानपिढ्या राहूनही घरात टिकलेल्या आमच्या जुन्या मराठीत हळूच म्हणाली, "मज हेंच पाहिजे."

सुतार आले तेव्हा ती पट्ट्या ठोकून होईपर्यंत तिथून हलली नाही. दिव्यापुढचा चौकोन मात्र तिने ग्रॅनाइटचाच ठेवायला लावला. कोलमासाठी. अप्पा तो पाहून म्हणाले, "म्हणजे छत वाचलं."

पहिल्या संध्याकाळी मुली नळावर पाय धुऊन आल्या. दारात आईने जाड टॉवेल पसरला होता. कोणी पाय कोरडे न करता आत आलं की ती नुसती बघे. नाच सुरू करण्याआधी भूमीला नमस्कार करतात, तिच्यावर पाय आपटणार म्हणून क्षमा मागतात. सगळ्यांत लहान मुलगी वाकता वाकता थांबली.

"मिस, आता भूमी कुठाय? खाली तर लाकूड आहे."

"भूमी त्याच्या खाली आहे," आई म्हणाली. "आता झाडाचीही क्षमा माग."

मुलींनी सुरुवात केली. आवाज पूर्वीसारखा चपट नव्हता, खोल आणि गोल होता. दुसऱ्या फेरीला एकीचा पाय चुकला. आई खुर्चीतून उठली, तट्टुकळी माझ्या हातात दिली आणि मुलींच्या पुढे जाऊन उभी राहिली. मी ठोकळ्यासमोर बसले. ताल लहानपणापासून कानात होता. काठी वाजवत मी हळूच बोल म्हणू लागले, तेय्या तेय, तेय्या तेय.

"अक्का, ऐकू येत नाही," मागच्या रांगेतून कोणीतरी मला म्हणालं.

आईने वळून पाहिलं नाही. तिचा पाय उचललेला होता. मी आवाज चढवला, आणि तो पाय खाली आला.